पॉम्पेईचे भग्नावशेष आणि अस्सलायन सुत्तातील यवन समाज

पालि तिपिटकाचे अध्ययन करणाऱ्यास ‘योन’ हा शब्द अपरिचित नसतो. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत तो आहे, महावंसात आहे, मिलिन्दपञ्हात तर तो ग्रंथाच्या केंद्रस्थानी आहे. परंतु सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या शब्दाचा सर्वांत महत्त्वाचा उल्लेख मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात येतो. हे सुत्त मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहे. तथापि त्यातील यवन समाजाविषयीच्या विधानाचा अर्थ इटलीतील पॉम्पेई या प्राचीन नगराच्या भग्नावशेषांतून दिवसभर हिंडल्यानंतर जसा उलगडला, तसा तो पूर्वी कधी उलगडला नव्हता. त्या भेटीचा वृत्तान्त आणि तिच्यातून सुचलेले काही विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

नेपल्सला एका परिसंवादाच्या निमित्ताने जाणे झाले. सोबत दोन मित्र होते. एक मूळचे नागपूरचे, व्यवसायाने स्थापत्य अभियंते, सध्या जर्मनीत स्थायिक. दुसरे मराठवाड्यातील निवृत्त इतिहास-शिक्षक, ज्यांना आम्ही सर्व जण गुरुजी म्हणतो. नेपल्सहून लोकल रेल्वेने निघून व्हेसुव्हियस पर्वताला वळसा घालीत आम्ही पॉम्पेईला पोचलो आणि सागरद्वार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पश्चिमेकडील वेशीतून नगरात शिरलो.

अस्सलायन सुत्तातील युक्तिवाद

प्रथम सुत्ताचा प्रसंग थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. श्रावस्तीत जमलेले पाचशे ब्राह्मण अस्सलायन नावाच्या सोळा वर्षांच्या, तिन्ही वेदांत पारंगत अशा तरुणाला भगवान बुद्धांशी वाद करण्यास पाठवितात. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, तोच ब्रह्माच्या मुखातून जन्मलेला, हा त्याचा पक्ष. भगवान त्याला एकामागून एक प्रश्न विचारतात. ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच गर्भ धारण करतात आणि प्रसूत होतात, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर भूगोलातून दिलेले आहे. योन, कम्बोज आणि अन्य सीमावर्ती जनपदांत केवळ दोनच वर्ण आहेत, ‘अय्य’ म्हणजे स्वामी आणि ‘दास’. आणि तेथे स्वामी असलेला दास होऊ शकतो, दास असलेला स्वामी होऊ शकतो, हे तू ऐकले आहेस काय, असे भगवान विचारतात. अस्सलायन ते ऐकल्याचे मान्य करतो.

या युक्तिवादाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. चातुर्वर्ण्य जर सृष्टीच्या आरंभी निर्माण झालेले असेल, तर ते सूर्यचंद्रांप्रमाणे सर्व देशांत आढळले पाहिजे. एका जरी देशात ते नसेल, तर ते निसर्गाने दिलेले नसून माणसाने रचलेले आहे. विशेष असे की अट्ठकथाकारांना हा साधा अर्थ पुरेसा वाटला नाही. मज्झिम निकायाच्या अट्ठकथेत हे विधान, व्यापारासाठी यवन देशात जाऊन तेथे मरण पावलेल्या एका ब्राह्मणाच्या कुटुंबातील वर्णसंकराची कथा सांगून स्पष्ट केले आहे. मूळ सुत्त समाजरचनेविषयी बोलते. अट्ठकथा रक्तशुद्धीच्या चौकटीत शिरते. म्हणूनच मूळ वचनाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते.

सुत्तातील योन म्हणजे पॉम्पेई नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. सुत्तातील यवन हे भारताच्या वायव्येस ज्ञात असलेले ग्रीक होत. पॉम्पेई मूळचे ओस्कन लोकांचे नगर. त्यावर ग्रीक संस्कृतीचा गाढ संस्कार झाला आणि इ.स.पू. ८० मध्ये ते रोमन वसाहत बनले. परंतु स्वामी आणि दास ही समाजाची मूलभूत विभागणी ग्रीक व रोमन या दोन्ही जगांना समान होती आणि पुढे भारतीयांनी दोघांनाही ‘यवन’ हेच नाव दिले. शिवाय, ग्रीक-रोमन समाजातील सामान्य माणसांचे दैनंदिन जीवन जसेच्या तसे जपलेले पॉम्पेईसारखे दुसरे स्थळ क्वचितच सापडेल. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने हे नगर राखेखाली गाडले गेले. पारंपरिक समजूत ऑगस्ट महिन्याची होती. २०१८ मध्ये सापडलेल्या कोळशाने लिहिलेल्या एका नोंदीमुळे उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असावा, असे आता अनेक अभ्यासक मानतात. १७४८ पासून येथे उत्खनन चालू आहे आणि सुमारे ६६ हेक्टरांच्या नगरापैकी एक-तृतीयांश भाग अद्याप मातीखालीच आहे.

भिंतींवरील माणसे

दगडी फरसबंदीचे रस्ते, त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, पादचाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून मध्ये बसविलेले उंच दगड, दुतर्फा दुकाने. अभियंता मित्र पाण्याच्या शिशाच्या नळ्या आणि कोपऱ्याकोपऱ्यांवरील सार्वजनिक हौद पाहण्यात गढून गेले. एका हौदाच्या काठावर, असंख्य माणसांनी हात टेकून पाणी प्यायल्यामुळे दगड झिजून खळगा पडला आहे. गुरुजी तेथे बराच वेळ उभे राहिले. महाडच्या चवदार तळ्याचे नाव आमच्यापैकी कोणी काढले नाही. काढण्याची आवश्यकताही नव्हती.

पॉम्पेईच्या भिंतींवर रंगविलेल्या निवडणूक-आवाहनांची संख्या अडीच हजारांहून अधिक आहे. अमक्याला नगराधिकारी निवडून द्या, असे सांगणारी ही आवाहने व्यक्तींप्रमाणेच व्यावसायिकांच्या समूहांनीही लिहविलेली आहेत. फळविक्रेते, सोनार, खेचरवाले यांच्याबरोबर कपडे धुणारे कामगारही त्यांत आहेत. होल्कोनियस प्रिस्कस या उमेदवारासाठी सर्व धोबी विनंती करीत आहेत, असे एक आवाहन आहे. रोमन जगात धोब्याचे काम अत्यंत घाण मानले जाई, कारण मळ काढण्यासाठी मानवी मूत्र वापरीत आणि कामगार हौदात उभे राहून पायांनी कपडे तुडवीत. असे हौद स्टेफानसच्या धुलाईगृहात आजही पाहावयास मिळतात. तरीही याच धोब्यांनी नगराच्या मुख्य चौकालगतच्या भव्य वास्तूत यूमाकिया या प्रतिष्ठित स्त्री-पुरोहिताचा पुतळा उभारला आणि त्याखाली आपल्या व्यवसायाचे नाव कोरले.

आपल्याकडे काय घडले? अत्रिस्मृतीसारख्या ग्रंथांत सात अंत्यजांची जी यादी येते, तिच्या प्रारंभीच रजक आणि चर्मकार आहेत. काम तेच, दुर्गंधी तीच. एका ठिकाणी ती कामाला चिकटली, दुसऱ्या ठिकाणी ती माणसाला, त्याच्या मुलाला आणि नातवाला चिकटली. रोममध्ये धोब्याची थट्टा होई. परंतु त्याचा स्पर्श देवळाला विटाळतो, असे सांगणारे शास्त्र तेथे नव्हते.

दासाचा स्वामी होतो

इसिस देवीच्या मंदिराच्या प्रवेशद्वारावर एक लेख होता. तेथे आज त्याची प्रतिकृती आहे. इ.स. ६२ च्या भूकंपात कोसळलेले हे मंदिर न्यूमेरियस पोपिडियस सेल्सिनस याने स्वतःच्या खर्चाने पायापासून बांधून काढले, म्हणून नगरसभेने त्याला कोणतेही शुल्क न घेता आपल्या सदस्यत्वात घेतले, असे त्यात नमूद आहे. त्या वेळी सेल्सिनसचे वय होते अवघे सहा वर्षे. अर्थात पैसा त्याच्या पित्याचा, न्यूमेरियस पोपिडियस अ‍ॅम्प्लिएटस याचा होता. हा पिता पोपिडियस घराण्याचा मुक्त केलेला दास होता, असे अभ्यासक मानतात. इ.स. २४ च्या एका कायद्यानुसार मुक्तदासाला स्वतः नगराचे पद मिळत नसे; मात्र मुक्तीनंतर जन्मलेल्या त्याच्या पुत्राला ते मिळू शके. पित्याने मंदिर बांधले आणि पुत्रासाठी नगरसभेचे दार उघडले.

हे मी मित्रांना समजावून सांगत असता गुरुजींनी मध्येच विचारले, “सर, म्हणजे एका पिढीत?”

“होय गुरुजी, एका पिढीत.”

“माझे आजोबा गावचे येसकर होते. त्यांचे आजोबाही येसकर. त्यांच्या आधी किती पिढ्या, ते सांगणारे कोणी नाही. त्यांनी मंदिर बांधायचे म्हटले असते, तर त्या मंदिरात त्यांना कोणी जाऊ दिले असते का?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मंदिराच्या पायऱ्यांवर आम्ही काही वेळ तसेच बसून राहिलो.

अशी उदाहरणे या नगरात एकदोनच नाहीत. दीर्घकाळ चाललेल्या जतनकार्यानंतर २०२३ मध्ये पुन्हा खुला झालेला वेत्ती यांचा वाडा हे नगरातील अत्यंत वैभवशाली घर. त्याचे मालक औलस वेत्तियस रेस्टिट्युटस आणि औलस वेत्तियस कॉन्विवा हे मुक्तदास होते, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. २०२१ मध्ये सार्नो वेशीबाहेर मार्कस व्हेनेरियस सेकुन्दिओ याची कबर सापडली. हा प्रथम नगराचा सार्वजनिक दास होता आणि व्हीनसच्या मंदिराची राखण करी. मुक्तीनंतर तो सम्राटपूजेच्या संघाचा सदस्य झाला आणि त्याने चार दिवस ग्रीक व लॅटिन भाषांतील प्रयोग करविले, असे त्याच्या कबरीवर लिहिले आहे. दास असताना केलेली चाकरी त्याने कबरीवर लपविली नाही, हे विशेष.

सुत्तातील विधानाचा उत्तरार्ध, दास हा स्वामी होऊ शकतो हा, पॉम्पेईत असा दगडावर कोरलेला आढळतो.

दुसरी बाजू

परंतु येथे थांबणे हे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल, आणि आम्हाला थांबू दिले नाही ते आमच्या अभियंता मित्रांनी. त्याच वेत्ती वाड्याच्या दाराशी भिंतीवर खरडलेला एक मजकूर आहे. यूटिकिस नावाची ग्रीक स्त्री, तिचा गोड स्वभाव आणि तिची किंमत: दोन अस. ‘अस’ हे तांब्याचे क्षुल्लक नाणे. पॉम्पेईच्या एका मद्यगृहात साध्या मद्याचे एक माप एका असला मिळे. ही स्त्री बहुधा त्याच घरातील दासी असावी. मित्र म्हणाले, “सर, दासाचा मालक झाला, हे तुम्ही सांगितले. पण मालक झाल्यावर त्याने काय केले, तेही लिहा.”

त्यांचे म्हणणे रास्त होते. रोमन दास हा कायद्याने वस्तू होता. दासीचे मूल जन्मतःच दास होई. न्यायालयात दासाची साक्ष यातना देऊनच घेत. इ.स. ६१ मध्ये रोममध्ये पेडानियस सेकुन्दस या उच्चाधिकाऱ्याचा त्याच्याच एका दासाने खून केला, तेव्हा त्याच्या घरातील चारशे दासांना, सामान्य जनतेने निषेध केला असतानाही, ठार मारण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये पॉम्पेईच्या नवव्या विभागातील एका बेकरीचे अवशेष प्रसिद्ध झाले. तिच्या लहानशा खिडक्यांना लोखंडी गज होते आणि जाते ओढणारी गाढवे व दास यांना बाहेर पडण्यास रस्त्याच्या बाजूने दारच नव्हते. नगराबाहेरील चिविता जुलियाना येथील वाड्यात २०२१ मध्ये सोळा चौरस मीटरांची एक खोली उघडकीस आली. तिच्यात ओबडधोबड फळ्या व दोऱ्यांच्या तीन खाटा आहेत. दोन सुमारे १.७० मीटर लांबीच्या, तिसरी १.४० मीटरची, ती बहुधा मुलाची असावी. आम्ही त्या खोलीची छायाचित्रेच पाहिली. परंतु त्या आखूड खाटेने सेल्सिनसच्या सहा वर्षांच्या सन्मानाला एक जळजळीत उत्तर दिले.

सुत्तातील विधानाचा पूर्वार्धही विसरता कामा नये. स्वामीही दास होऊ शकत असे. युद्धात हरलेले, चाच्यांनी पकडलेले, टाकून दिलेली अर्भके, यांतूनच बाजारपेठ भरत असे. भगवानांनी यवनांची स्तुती केलेली नाही. स्वामी आणि दास ही नाती जन्माच्या शिक्क्यावर नव्हे, परिस्थितीवर अवलंबून आहेत, एवढेच त्यांनी दाखविले आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विवेचन

गुलामगिरी अधिक वाईट की अस्पृश्यता, या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार आपल्या काळात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले आणि महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केलेले हे लेखन पॉम्पेईला जाण्यापूर्वी प्रत्येकाने वाचावे, असे आहे. त्यात त्यांनी रोमन दासांची स्थिती तपासली आहे आणि त्यांच्यातून वैद्य, शिक्षक, कलावंत निर्माण झाले, याकडे लक्ष वेधले आहे. बाबासाहेबांच्या मते दास ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगविण्यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्याच्या जगण्यामरण्यात कोणाचाच स्वार्थ नव्हता. कायद्याने गुलामगिरी कोणावर बंधनकारक नव्हती आणि मुक्तीचा मार्ग कायद्यातच होता; अस्पृश्यतेला असा मार्गच नव्हता. शिवाय गुलामगिरी उघड असते, म्हणून तिच्याविरुद्ध उठाव होऊ शकतो. अस्पृश्यता धर्माच्या आवरणाखाली झाकलेली असते.

बाबासाहेबांनी गुलामगिरीचे समर्थन केले, असा विपर्यास अधूनमधून ऐकू येतो. तो निराधार आहे. दोन अन्यायांची तुलना केल्याने त्यांतील एक न्याय ठरत नाही. बाबासाहेबांनी तुलना केली ती दार कोठे आहे हे शोधण्यासाठी. रोमन दासाला दार मालकाने उघडावे लागे. आपल्या समाजाला ते दार कोणीच उघडून देणारे नव्हते. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक स्वतःहून त्यातून बाहेर पडले.

यवन आणि महाराष्ट्र

दुसऱ्या दिवशी आम्ही नेपल्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयात एक सुमारे २४ सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना ती पॉम्पेईच्या एका घरात सापडली. तिला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी ती यक्षी असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सांचीच्या तोरणांवरील स्त्रीशिल्पांशी तिचे साम्य आहे. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांचा दानलेख आहे. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने काही अभ्यासक तिचा संबंध वायव्य भारताशी जोडतात. परंतु तिच्या अगदी जवळच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात, तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. गुरुजींनी तेरच्या लामतुरे संग्रहालयातील मूर्ती अनेकदा पाहिलेली. ते काचेजवळ वाकून म्हणाले, “ही तर आपल्याच गावची दिसते!”

पॉम्पेई गाडले गेले त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-ग्रंथात पैठण, तगर म्हणजे तेर, कल्याण, सोपारा आणि चौल यांची नावे येतात आणि भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात हस्तिदंताचा समावेश आहे. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार करणारा लेखक प्लिनी हा याच उद्रेकाच्या वेळी मरण पावला.

मालाबरोबर माणसेही आली. महावंसानुसार अपरान्तात म्हणजे कोकणात धम्म सांगण्यास पाठविलेले थेर योन धम्मरक्खित हे स्वतः यवन होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिले. त्यांची सिंहधय, यशवर्धन अशी नावे लेखांत आहेत. जुन्नरला यवन इरिलाने पाण्याची दोन टाकी आणि यवन चिटाने भोजनमंडप दिला. नाशिकला दातामितीहून आलेल्या इंद्राग्निदत्ताने लेणे कोरविले. हे यवन ग्रीक की रोमन, याविषयी मतभेद आहेत. परंतु कार्ल्यात त्यांच्या शेजारीच गंधिक आणि सुतार यांचीही नावे कोरलेली आहेत. ज्यांना मनुस्मृती क्रियालोपामुळे वृषल झालेले म्हणते, त्या यवनांना संघाच्या दारात कुळ विचारले गेले नाही. २०२२ मध्ये इजिप्तमधील बेरेनिके बंदरात इसिसच्याच मंदिराच्या प्रांगणात भगवान बुद्धांची संगमरवरी मूर्ती सापडली. समुद्राच्या दोन्ही काठांवर ही देवाणघेवाण चालू होती.

आपल्या वाङ्मयाकडे प्रामाणिकपणे पाहताना

दासप्रथेच्या संदर्भात आपल्या परंपरेचेही परीक्षण केले पाहिजे. महावग्गात दासाला प्रव्रज्या देण्यास मनाई आहे आणि उपसंपदेच्या वेळी उमेदवार भुजिस्स म्हणजे स्वतंत्र आहे काय, हे विचारले जाते. संघाला राज्याच्या आणि मालकांच्या कायद्याशी जुळवून घ्यावे लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सामञ्ञफल सुत्तात राजा अजातशत्रू, आपला दास प्रव्रजित झाल्यास त्याला परत बोलाविणार नाही, उलट उठून वंदन करीन, असे कबूल करतो. अंगुत्तर निकायात उपासकाने न करावयाच्या पाच व्यापारांत माणसांच्या व्यापाराचा समावेश आहे. अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणारी दासी पुण्णा, स्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला निरुत्तर करते आणि पुढे थेरी होते. पॉम्पेईच्या यूटिकिसची फक्त किंमत भिंतीवर उरली. पुण्णेचे विचार थेरीगाथेत उरले. दोन संस्कृतींतील हा भेद लहान नाही.

परतीच्या वेळी आम्ही राखेतील पोकळ्यांत प्लास्टर ओतून केलेल्या मृतांच्या आकृती पाहिल्या. ही पद्धत जुझेप्पे फियोरेल्ली यांनी १८६३ मध्ये अवलंबिली. त्या आकृतींत स्वामी कोण आणि दास कोण, हे पाहून सांगता येत नाही. अस्सलायनाला भगवानांनी तेच दाखविले होते: जन्म सारखा, मरण सारखे, मधली उतरंड माणसाची.

गाडीत बसल्यावर गुरुजी म्हणाले, “सर, या वर्षी वर्षावासात आमच्या विहारात अस्सलायन सुत्त वाचा. मुलांना त्या सहा वर्षांच्या पोराची गोष्ट सांगू. आणि ती आखूड खाटही सांगू.” मी होकार दिला.